ठिपक्याला तारीख हवी

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशने सुरू होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती २५,२०२ झाली. महाराष्ट्राची संख्या ३,०७९ वरून ३,७२८ वर गेली, कर्नाटकाची १,०४१ वरून ५,७६५ वर. यात नवी स्टेशने किती उभी राहिली आणि आधीपासून असलेली किती नव्याने मोजली गेली, हे बेरजेवरून कळत नाही. जागा मोजली, यंत्र मोजले की गाडीला जोडायची गन मोजली, तेही कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या, लोकसहभागाच्या नकाशावर काम करणाऱ्यांनी याच बेरजेमागे धावू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते. आपले बळ ठिपके वाढवण्यात नाही. प्रत्यक्ष जागेवर जाऊन काय पाहिले आणि कधी पाहिले, हे नोंदवण्यात ते आहे.

स्टेशन असणे आणि स्टेशन चालणे यांत किती अंतर असते, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतून मिळतो. २०२२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातील १८१ सार्वजनिक फास्ट चार्जिंग स्टेशनांवरच्या ‘सीसीएस’ या फास्ट चार्जिंगच्या जोडणीच्या ६५७ गन संशोधकांनी प्रत्यक्ष जाऊन तपासल्या. त्यांपैकी ७२.५ टक्केच चालू निघाल्या. उरलेल्यांत कुठे स्क्रीन बंद होता, कुठे पैसे स्वीकारले जात नव्हते, तर एकूण गनपैकी सुमारे पाच टक्के गनची केबलच गाडीपर्यंत पुरत नव्हती. आपल्याकडचे प्रमाण तेच असेल असे नाही. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. साधारण आठवड्याभराने त्यांतल्या दहा टक्के गन पुन्हा तपासल्या, तेव्हा एकूण चित्रात फरक पडलेला नव्हता. म्हणजे बिघाड बहुधा तासाभराचा नसतो. म्हणूनच तारीख घातलेले एखाद्या मॅपरचे निरीक्षण पुढचे बरेच दिवस उपयोगी पडते, आणि तारीख नसलेले निरीक्षण पहिल्या दिवसापासूनच संशयास्पद राहते.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक नोंदीला शेवटच्या बदलाची तारीख आपोआप लागते, मग वेगळी कशाला, असे कोणी विचारेल. पण त्या तारखेचा अर्थ वेगळा आहे. घरबसल्या कोणी नावातले शुद्धलेखन सुधारले किंवा उपग्रहचित्र पाहून ठिपका दोन मीटर सरकवला, तरी ती बदलते. याउलट जागेवर जाऊन सगळे जसेच्या तसे आढळले, तर नोंदीत काही बदलावे लागत नाही आणि जुनीच तारीख कायम राहते. सर्वांत उपयोगी भेटीची नकाशात काही खूणच उरत नाही. ‘चेक डेट’ हा टॅग याचसाठी आहे. पीयूसीच्या कागदावर तपासणीची तारीख नसेल तर त्याला कोणी विचारत नाही. चार्जिंगच्या नोंदीचेही तसेच असायला हवे.

तपासणी म्हणजे नेमके काय पाहायचे? महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर ६० किलोवॅटचे एक डीसी यंत्र आणि त्याला सीसीएस-२ च्या दोन गन, ही नेहमीची मांडणी घेऊ. एकच गाडी लावली तर तिला पूर्ण शक्ती मिळू शकते. दोन लागल्या की बहुतेक अशा यंत्रांत ती वाटली जाते. नोंदीत मात्र ‘सॉकेट दोन, आउटपुट ६० किलोवॅट’ एवढेच लिहिले तर वाचणारा १२० किलोवॅटचा हिशेब धरतो आणि प्रवासाचे वेळापत्रक कोलमडते. म्हणून संपूर्ण स्टेशनची नोंद वेगळी आणि प्रत्येक यंत्राची ‘चार्ज पॉइंट’ म्हणून नोंद वेगळी ठेवणे हितावह. शेजारीच जुने ‘भारत एसी-००१’ यंत्र असेल तर त्याची तीन सॉकेटे प्रत्येकी ३.३ किलोवॅटची असतात आणि टाइप-२ केबल घेऊन आलेल्या चारचाकीला त्यांत थेट जोडता येत नाही. ‘चार्जिंग उपलब्ध’ या दोन शब्दांत हा सगळा तपशील बुडून जातो.

ठिपका कुठे ठेवला यालाही असेच महत्त्व आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर राज्याच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली. हा नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे. दुभाजक ओलांडून पलीकडच्या पंपावर जाता येत नाही, त्यासाठी पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळावे लागते. ठिपका वीस-तीस मीटरने चुकून दुसऱ्या बाजूला पडला, तर कमी बॅटरीच्या गाडीला तो नसल्यातच जमा. शहरात चूक वेगळ्या प्रकारची होते. मॉलच्या तळघरातले चार्जर मजल्याशिवाय नोंदले जातात, आणि हाउसिंग सोसायटीचे खासगी चार्जर प्रवेशाचा टॅग न लावल्यामुळे सार्वजनिक ठरतात.

याला पहिला आक्षेप येतो तो वेगाचा. मोजके स्वयंसेवक हजारो जागी कधी पोहोचणार, त्यापेक्षा एखादी तयार यादी एकदम आयात करावी, असे म्हटले जाते. आयातीला आमचा विरोध नाही. परवाना जुळत असेल आणि समुदायात आधी चर्चा झाली असेल तर जरूर करावी. कंपन्यांच्या ॲपमधून किंवा व्यापारी नकाशांवरून उतरवून घेणे मात्र कोणत्याही सबबीखाली चालणार नाही. पण आयात केलेला ठिपका हा मूळ यादीचा दावा असतो, आपले निरीक्षण नव्हे. त्याला तपासणीची तारीख देऊ नये. कोणीतरी तिथे जाऊन आल्यावरच ती पडावी. असे केले की आयात हीच सर्व्हेची कामाची यादी बनते आणि वेग व विश्वास यांतले भांडण मिटते.

दुसरा आक्षेप असा की केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) ईव्ही यात्रा पोर्टल २०२२ पासून आहे, प्रत्येक कंपनीचे ॲपही आहे, मग आपण कशाला? या क्षणी गन मोकळी आहे का, हे ऑपरेटरच्या थेट माहितीतूनच कळेल. त्या शर्यतीत आपण उतरूही नये. मात्र ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकटीत किमान एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असे उद्दिष्ट ठेवले होते. ते कुठे साधले आणि कुठे नाही, हे नागरिकांना, पत्रकारांना, नगररचनाकारांना पडताळायचे असेल तर कोणीही उतरवून घेऊन विश्लेषण करू शकेल असा डेटा हवा. तो स्वतंत्रही हवा, कारण स्वतःचे यंत्र बंद असल्याचे कळवणे ऑपरेटरच्या फायद्याचे नसते. युरोपीय संघाने २०२३ च्या कायद्याने चार्जिंगची माहिती खुली करणे ऑपरेटरांवर बंधनकारक केले. आपल्याकडेही तसे व्हावे, ही मागणी आपण केली पाहिजे; आणि ती माहिती आली तरी तिची पडताळणी करणारे डोळे लागतीलच.

म्हणून वाचकांना आमची विनंती नेमकी आहे. पुढची मॅपिंग पार्टी नव्या ठिपक्यांनी सुरू करू नका. आधी ओव्हरपास या ओपनस्ट्रीटमॅपच्या शोधसाधनावर आपल्या तालुक्यातली तपासणीची तारीख नसलेली किंवा वर्षभरापूर्वीची स्टेशने काढा आणि ती वाटून घ्या. प्रत्येक जागी सॉकेटचा प्रकार, शक्ती, कोणाला खुले आहे आणि रस्त्याची बाजू पाहा. दुचाकी आणि तीनचाकींची लहान सॉकेटे वगळू नका, कारण आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य इलेक्ट्रिक गाड्या त्याच आहेत. काही बदललेले नसले तरी तारीख टाका. स्टेशन कायमचे उखडले गेले असेल तर नोंद काढा. केवळ बंद असेल तर तसे नोंदवा, पुसू नका. एका जिल्ह्यातली शंभर तपासलेली स्टेशने राज्यभरातल्या हजार अंदाजांपेक्षा वाहनचालकाच्या अधिक कामाची आहेत, आणि धोरण आखणाऱ्यांसमोर ठेवायलाही तीच अधिक भक्कम आहेत.