लेसिबा वाजता राहायला हवा

सुमारे मीटरभर लांबीची काठी, तिच्यावर ताणलेली एकच तार. तारेचं एक टोक मात्र थेट काठीला बांधलेलं नसतं; मध्ये पक्ष्याच्या पिसाचा चिरून चपटा केलेला दांडा असतो. वादक तो दांडा ओठांशी अलगद धरतो, दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाभोवती करतो आणि श्वास जोरात आत ओढतो. दांडा थरथरतो, त्यासरशी तार बोलू लागते. श्वास सोडताना घशातून घुमणारा हुंकारही त्यात मिसळतो. तार आहे, पण ती छेडायची नाही. फुंकर आहे, पण ही बासरी नव्हे. लेसोथोचे बासोथो लोक याला लेसिबा म्हणतात. सेसोथो भाषेत लेसिबा म्हणजे पीस.

वाद्य मुळात खोईखोई लोकांचं. त्यांच्याकडे त्याचं नाव गोरा. बासोथोंनी ते उचललं आणि इतकं आपलंसं केलं की आज ते त्यांचं राष्ट्रीय वाद्य मानलं जातं. संगीत-अभ्यासक पर्सिव्हल कर्बी यांनी 1934 च्या आपल्या ग्रंथात गोरावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. आज खोईखोईंमध्ये गोरा वाजवणारा शोधूनही मुश्किलीने सापडेल. ग्रंथ राहिला, वादक गेले. लेसिबाचं असं होऊ देता कामा नये!

लेसिबा जगवला तो गुराख्यांनी. लेसोथोचा सगळा प्रदेश समुद्रसपाटीपासून 1,400 मीटरच्या वर. डोंगरांतल्या कुरणांवर अंगाला घोंगडी लपेटून मुलं महिनोन्महिने गुरं राखायची. रिकामा वेळ भरपूर, ऐकायला गुरंढोरं आणि वारा. मोठ्या मुलाचं पाहून धाकटा शिकायचा. आता मुलं शाळेत जातात, आणि ती गेलीच पाहिजेत. लेसिबासाठी कोणाचंही पोर माळावर अडकून पडावं असं मी म्हणणार नाही. पण मग शिकवणारा शाळेत यायला हवा.

ध्वनिमुद्रणं मोलाची आहेत. ह्यू ट्रेसी यांनी 1954 मध्ये स्थापन केलेल्या आफ्रिकी संगीताच्या संग्रहालयाचं ऋण मोठं आहे. तरीही, पिसाचा दांडा किती पातळ करायचा, तो ओठांपासून किती दूर धरायचा, एकाच तारेतून वरचे-खालचे स्वर काढताना तोंडाचा आकार कसा बदलायचा, हे फितीवर उमटत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो.

म्हणून मागणं सरळ आहे. लेसोथोच्या शाळांनी म्हाताऱ्या गुराख्यांना गुरुजी म्हणून बोलवावं आणि रीतसर मानधन द्यावं. सणासमारंभात पाहुण्यांसमोर पाच मिनिटं वाजवून घेऊन त्यांना परत पाठवू नये. आणि जोहान्सबर्ग-प्रिटोरियातल्या मराठी मंडळींनो, तुम्ही तर शेजारीच आहात. लेसोथोची राजधानी मासेरू गाडीने काही तासांवर. सुट्टीत डोंगर बघायला जालच, तर एखाद्या गावात लेसिबा वाजवणारे आजोबा कुठे आहेत ते विचारा. सापडले तर त्यांच्यापाशी बसा, ऐका, बिदागी द्या. निघताना गावातल्या दोन मुलांना त्यांच्यासमोर बसवा आणि त्यांच्या शिकवणीचे पैसे तुम्ही भरा.