हंसाबाईंचा पगार कुणाच्या हातात?

हंसा वाडकर यांचं नाव निघालं की दोन प्रकारचे सुस्कारे ऐकू येतात. 'काय गुणी नटी होती, पण वाया गेली', हा एक. 'पुरुषांनी तिच्या आयुष्याची माती केली', हा दुसरा. पहिला समाजाचा आणि दुसरा बहुतेक वेळा आपल्या चळवळीतला. दुसऱ्यात सहानुभूती आहे, हे मान्य. पण दोन्ही सुस्कारे टाकणारे हंसाबाईंच्या आयुष्यातले पुरुषच मोजत बसतात. ही बाई वयाच्या तेराव्या वर्षापासून कमावत होती आणि त्या कमाईवर एक अख्खं घर चाललं होतं, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचं आत्मकथन मला एका कष्टकरी बाईची जबानी म्हणून वाचावंसं वाटतं. तसं वाचलं की पुस्तक बदलतं.

हंसाबाईंचा जन्म मुंबईत १९२३ सालचा. पाळण्यातलं नाव रतन, वडिलांचं आडनाव साळगावकर. घराणं कलावंतिणींचं, सावंतवाडीकडचं. आईच्या बाजूला देवदासी. म्हणजे बाईने गावं, नाचावं आणि त्यावर घर चालावं, हा रिवाज त्या घरात पिढ्यान् पिढ्यांचा होता. पण हंसाबाईंच्या आधीच्या पिढीनं लग्नाची वाट धरली होती. घरात प्रतिष्ठा येऊ लागली होती. ती आली आणि पैसा आटला. वडील दारूच्या आहारी गेलेले. मग पोरीला सिनेमात पाठवायचं ठरलं. १९३६ साली 'विजयाची लग्ने' आला. घराण्याचं नाव पडद्यावर नको, म्हणून आडनाव बदललं. पगार चालेल, नाव नको! या एका तपशिलात सगळं आलं आहे, असं मला वाटतं.

तेव्हाच्या नटीचं काम आजच्यासारखं वाटून घेतलेलं नव्हतं. पार्श्वगायनाची पद्धत अजून रुळायची होती. गळा हवा, नाच हवा, चेहरा हवा आणि हे सगळं एकाच बाईकडे हवं. हंसाबाई बॉम्बे टॉकीजमध्ये गेल्या, तिथे 'नवजीवन' (१९३९) केला. मग पुण्याला प्रभातमध्ये 'संत सखू' (१९४१) आणि 'रामशास्त्री' (१९४४). राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' १९४७ चा. त्यातली त्यांची बया तमासगिरीण आहे, आणि मराठी पडद्यावर पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या तमाशापटांच्या लाटेची सुरुवात या चित्रपटापासून मानली जाते. पुढे 'पुढचं पाऊल' (१९५०). सासुरवासाने गांजलेली संत आणि बोर्डावर उभी राहणारी तमासगिरीण, दोघींनाही ही एकच बाई उभी करत होती. प्रेक्षकांनी सखूला हात जोडले आणि बयेला शिट्ट्या मारल्या. नटीच्या खऱ्या आयुष्याबद्दल मात्र त्यांनी आपलं मत बयेवरून बनवलं.

इथे दुर्गा खोटे यांची आठवण होते. लाड सॉलिसिटरांची मुलगी, श्रीमंत घरची सून. सासरची आर्थिक परिस्थिती ढासळली म्हणून त्या सिनेमात आल्या, आणि 'अयोध्येचा राजा' (१९३२) नंतर 'घरंदाज बाई पडद्यावर आली' याचा इतिहास झाला. दुर्गाबाईंची जिद्द मोठीच, त्याबद्दल वाद नाही. पण नीट पाहा, दोघी आल्या त्या पोटासाठीच. दुर्गाबाईंचं येणं धाडस ठरलं, हंसाबाईंचं येणं कुणाला बातमीसुद्धा वाटली नाही. कलावंतिणीची पोर नाचणारच, त्यात नवल ते काय! एकच काम एका बाईला प्रतिष्ठा देतं आणि दुसरीचा 'मूळ स्वभाव' सिद्ध करतं. हा फरक जातीचा आहे. 'अभिनेत्री आणि तिचं खाजगी आयुष्य' अशा गप्पांत आपण तो सोडून देतो.

लग्नाचं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, पण ते सांगितलं जातं प्रेमाची फसगत म्हणून. हंसाबाई किशोरवयात होत्या, जगन्नाथ बंदरकर वयाने बरेच मोठे आणि घरच्यांच्या ओळखीतले. लग्न झालं की सिनेमा सोडायचा, चूल-मूल सांभाळायचं, घरची बाई व्हायचं, अशी मुलीची अपेक्षा होती. आपल्याला ही अपेक्षा ऐकून बरं वाटत नाही, पण ती तिची होती आणि तिच्या घराण्याच्या इतिहासात तिला अर्थ होता. प्रत्यक्षात लग्नानंतर काम सुटलंच नाही. नवराच तिच्या कामाचा कारभारी झाला. करार कुणाशी करायचा, कुठल्या कंपनीत जायचं, पैसे कुणी घ्यायचे, हे सगळं तो बघणार. कॅमेऱ्यापुढे उभी राहणार ती.

देवदासी प्रथा आणि कलावंतिणींची घराणी यांच्याविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत, लिहिलं आहे. मुलीच्या अंगावर कुटुंब जगतं, हे तिथे उघड दिसतं. हंसाबाईंच्या बाबतीत तीच व्यवस्था मंगळसूत्राच्या आड गेली आणि म्हणून दिसेनाशी झाली. लग्नामुळे बाईची सुटका होते, असं सुधारकांनी मानलं होतं. इथे लग्नामुळे फक्त मालक बदलला. आणि नव्या मालकाला समाजात मान होता.

पुस्तकातला सगळ्यात अवघड भाग गर्भपातांचा आहे. मूल हवं होतं ते हंसाबाईंना. गरोदरपण म्हणजे चित्रीकरण बंद आणि चित्रीकरण बंद म्हणजे घरात येणारा पैसा बंद, हा हिशेब नवऱ्याचा. गर्भपाताच्या हक्कासाठी लढणाऱ्या आपल्याला ही पानं वाचताना जरा थांबायला होतं. थांबावंच. पोट पाडायचा हक्क आणि पोट पाडायची सक्ती यांतला फरक त्यांच्या साध्या सांगण्यातून जेवढा कळतो, तेवढा आपल्या कित्येक पत्रकांतून कळलेला नाही.

मग एका भांडणानंतर त्या घर सोडून निघाल्या आणि मराठवाड्यातल्या एका गावी, आधीच बायको असलेल्या एका सधन माणसाच्या वाड्यावर जाऊन राहिल्या. सुमारे तीन वर्षं. ज्या घरगृहस्थीची हौस होती ती इथे मिळाली, पण दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. मुंबईत कमाई दुसऱ्याच्या हातात होती तरी निदान स्टुडिओपर्यंत जाता येत होतं, चार माणसं भेटत होती. इथे काम भरपूर, पगार शून्य आणि वाडा बंद. शेवटी नवऱ्याला कळवावं लागलं, तो पोलिसांना घेऊन आला. सुटकेच्या त्या खटाटोपात ज्या मॅजिस्ट्रेटपुढे जायचं होतं त्यानेच बलात्कार केला, असं हंसाबाई सांगतात. त्या हे सांगतात आणि पुढे जातात. आक्रोश नाही, विशेषणं नाहीत. कायद्याकडे गेलेल्या बाईचं काय होतं हे सांगायला आपल्याला १९७२ च्या मथुरा प्रकरणापासून सुरुवात करायची सवय आहे. ही त्याच्याही आधीची साक्ष, मराठीत छापलेली, आपल्या कपाटात पडून आहे.

'सांगत्ये ऐका' हे नाव आधी अनंत माने यांच्या १९५९ च्या चित्रपटाचं. गावच्या पाटलाने केलेल्या अत्याचाराची कहाणी त्यात तमाशाच्या बोर्डावरून सगळ्या गावाला ऐकवली जाते. हंसाबाई त्यात मुलीला वाढवणाऱ्या तमासगिरिणीच्या भूमिकेत, जयश्री गडकर त्या मुलीच्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. बलात्कारित बाईची गोष्ट नाचगाण्यासह लोकांनी पुन्हापुन्हा तिकीट काढून पाहिली. त्याच नटीने १९६६ साली 'माणूस'मधून स्वतःची गोष्ट त्याच नावाने सांगितली तेव्हा मात्र तिची दारू, तिचे मित्र, तिची 'चाल' यांचीच चर्चा. १९७० साली पुस्तक आलं आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये हंसाबाई गेल्या. वय पन्नाशीच्याही आत.

हे आत्मकथन अरुण साधू यांनी ऐकून शब्दांकित केलं. तेव्हा प्रश्न कुणाचे आणि उत्तरं कुणाची, ही शंका रास्त आहे. पण त्याचा निष्कर्ष 'हे बाईचं लेखन नव्हे' असा काढणं मला पटत नाही. जात्यावर सांगितलेलं आणि शिबिरात सांगितलेलं आपण बाईचंच मानतो, मग बोलून लिहवलेलं का नाही? शंका घ्यायचीच तर वाचणाऱ्यांवर घ्यावी. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) या पुस्तकावर आधारलेला. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. चित्रपटात नवऱ्याचा पैशावरचा डोळा दिसतो, गर्भपात दिसतो. तरीही त्याबद्दल बोलताना मंडळी 'प्रेमाच्या शोधात एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाणारी स्त्री' असंच म्हणतात. प्रेमाच्या शोधात! ती तर बराच काळ कामातून रजा शोधत होती.

नटीच्या कामाकडे काम म्हणून पाहणारी नजर मराठीत नव्हती असं नाही. शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादावरून प्रभातच्याच फाटकात उपोषण केलं, आणि पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. या धंद्यात माणूस कसा पिळला जातो हा त्याचा विषय. दोनेक वर्षांत 'संत सखू'साठी हंसाबाई त्याच फाटकातून आत गेल्या. एकीच्या हाती करार होता, म्हणून भांडायला समोर मालक तरी होता. दुसरीचा करार नवऱ्याकडे. तिने उपोषण कुणाच्या दारात करायचं?

केरळात २०१७ साली एका अभिनेत्रीवरच्या हल्ल्यानंतर चित्रपटसृष्टीतल्या बायका एकत्र आल्या, त्यांच्या रेट्याने न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. समितीने २०१९ साली अहवाल दिला आणि तो लोकांपुढे यायला ऑगस्ट २०२४ उजाडला, तोही काही मजकूर गाळून. त्या अहवालाने लैंगिक छळाबरोबरच करार नसणं, मोबदल्यातली तफावत, सेटवर संडास आणि कपडे बदलायला जागा नसणं, यांचीही नोंद घेतली. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. कारण वर्तमानपत्रांनी पुन्हा 'कोण तो नट?' एवढंच विचारलं.

आपल्या वाचनमंडळांतून 'स्मृतिचित्रे' होतं, बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' होतं. यंदा 'सांगत्ये ऐका' घ्या, आणि शक्य झालं तर सोबत शांताबाईंचं पुस्तकही. गटात लावणी-तमाशात किंवा ऑर्केस्ट्रात काम करणाऱ्या बाया असतील तर त्यांना आधी बोलू द्या. सुपारी ठरते कुणाशी, पैसे कुणाच्या हातात पडतात, आणि दिवस गेले तर काय करतात.