जुनी शिडाची बोट घेताय? आधी ठोकून बघा

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फायबरच्या शिडाच्या बोटी आज बऱ्याच स्वस्तात मिळतात. ताजा रंग, चकचकीत कठडे, केबिनमधल्या नव्याकोऱ्या गाद्या पाहून मन भुलतं आणि तिथल्या तिथे बयाणा दिला जातो. कृपा करून तसं करू नका. अशा बोटीचं दुखणं रंगाखाली असतं, आणि पुष्कळदा ते आधीच्या मालकाने केलेल्या दुरुस्तीतूनच वाढलेलं असतं.

सुरुवात डेकपासून करा. त्या काळच्या कितीतरी बोटींचं डेक म्हणजे वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मधे बाल्साचं हलकं लाकूड. रचना मुळात उत्तम आहे; कमी वजनात डेक कडक राहतं. घोळ होतो तो भोकांपाशी. कठड्याचे खांब, दोर बांधायचे क्लीट बसवताना अनेक कारखान्यांत सरळ बाल्सातून आरपार भोक पाडून बोल्ट कसत आणि लाकडाच्या कडा तशाच उघड्या सोडत. काही वर्षांनी बोल्टभोवतीचं सीलंट सुटतं आणि पाणी आत मुरतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते. वरून डेक कोरडंठाक दिसतं, आत लाकडाचा लगदा झालेला असतो.

म्हणून प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या, गुडघ्यांवर बसा आणि वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, खराब जागी बद्द. खांबांच्या बुडाशी आणि डोलकाठीच्या पायथ्याशी घाई करू नका. विकणारा म्हणेल, ‘गळत होतं, पण सिलिकॉन भरलंय.’ त्या सिलिकॉनने आत गेलेलं पाणी आतच कोंडलं. खरी दुरुस्ती म्हणजे कुजलेलं लाकूड काढायचं, भोक मोठं करून त्यात इपॉक्सी भरायची आणि ती कडक झाल्यावर तिच्यातून बोल्टसाठी नवं भोक पाडायचं. वेळखाऊ काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

डोलकाठीच्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून जातात तिथेच आतून गंजतात. दिसणारा भाग लखलखीत असतो. निदान एक पट्टी बाहेर काढून बघा.

आणि कील, म्हणजे बोटीच्या तळाला जोडलेला जड भाग. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही बोट अँटिग्वाहून ब्रिटनला परतत होती. अटलांटिकमध्ये तिचा कील निखळला आणि चारही खलाशी गेले. ती बोट तर फार जुनीही नव्हती. आधी ती समुद्रतळाला घासली होती, तिची दुरुस्तीही झाली होती. कील जिथे जोडलेला असतो तिथली रचना त्यामुळे कमकुवत झाली असावी, असं ब्रिटनच्या तपास यंत्रणेने नोंदवलं. तेव्हा बोट कधी समुद्रतळाला लागली होती का, हे स्पष्ट विचारा. कीलच्या सांध्यावर भेग किंवा गंज दिसला, तर वरच्या लुकणावर विश्वास ठेवू नका.

सर्व्हेयर स्वतःचा आणा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची फी जड वाटेल, पण ती बयाण्याच्या आधीच खर्च करा. आणि बोट पाण्याबाहेर काढायला किंवा एक पट्टी उघडायला मालक तयार नसेल, तर ती बोट घेऊ नका.