चोर सोडून संन्याशाला फाशी



रायगडच्या किनाऱ्यावर आपल्यासारखे उसाचे फड नाहीत. तरीही तिकडची एक हकिगत आज या पानावर घेत आहोत, कारण ती आपल्याही घराला लागू आहे.

गळीत हंगाम उरकल्यावर सोयरिकीच्या निमित्ताने आम्ही रेवदंड्याच्या बाजूला गेलो होतो. घरामागे नारळ-पोफळीची वाडी, पलीकडे खाडी आणि खारफुटी. दुसऱ्या दिवशी पहाटे एकच आरडाओरडा झाला. खुराड्यापुढे सात गावठी कोंबड्या मरून पडलेल्या, पिसे वाडीभर. खारफुटीत कोल्हे आहेतच, तेव्हा "कोल्हाच!" असा निकाल चहाच्या आधीच लागला. घरातल्या पोराने मेलेल्या कोंबडीत भाताचे कीटकनाशक भरायची तयारीही केली.

आजीने त्याला अडवले. "कोल्हा असता तर एक उचलून नेली असती. सात मारून इथंच टाकायला त्याला काय येड लागलंय?" मग सगळ्यांनी नीट पाहिले. जाळी खालून फाडलेली, एकही कोंबडी खाल्लेली नाही, ओल्या मातीत नखांसकट लहानमोठे ठसे. चोर गावातलीच मोकाट कुत्री होती, आणि एक ठसा घरच्या कुत्र्याच्या पायाशी तंतोतंत जुळला! ते विष टाकले असते तर पहिला बळी त्याचाच गेला असता.

आमचे म्हणणे एवढेच, की पंचनामा आधी आणि शिक्षा मागून. पंचनामा अवघड नाही. पुष्कळ मारून टाकून दिल्या तर बहुधा कुत्री. रात्रीतून एकच गायब आणि पिसांची वाट झुडपाकडे गेलेली, तर कोल्हा किंवा रानमांजर. कोल्ह्याच्या ठशात नखे उमटतात, मांजराच्या नाहीत. भरदिवसा मानेला चावा आणि रक्त दिसले तर मुंगसाचा संशय घ्यावा. कौले सरकवून रात्री वरून उतरतो तो कांडेचोर. अंडी फुटलेली असतील तर मुंगूस किंवा घोरपड, अंडी-पिले मागमूस न ठेवता गेली तर साप. पिलू बिळाच्या तोंडाशी कुरतडलेले सापडले तर घूस. खात्री नसेल तर संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेली राख पसरावी. सकाळी ती साक्ष देते.

अंगावर जखम नसताना कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर तो जनावराचा नव्हे, रोगाचा घाला समजावा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे विसरू नये. मेलेली कोंबडी हाताळू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

कोणी म्हणेल, अंड्यांचे चार पैसे घरच्या बाईचे जातात, तिला हा उपदेश काय कामाचा? नुकसान खरे आहे, ते आम्ही हलके मानत नाही. पण आमच्याच मळ्यात पूर्वी एका रानमांजराला संशयावरून मारले, आणि कोंबड्या त्यानंतरही जातच राहिल्या! आपल्या फडात उंदीर-घुशी कांड्या कुरतडतात, ते आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्यावर रानमांजर, कोल्हा, साप, घुबड हेच फुकटचे राखणदार. एका कोंबडीच्या रागात त्यांना विष घालणे म्हणजे आपल्याच उसावर कुऱ्हाड. शिवाय ते विष गावातल्या कुत्र्याला, घारीला, एखाद्या लेकरालाही पोचते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, ते वेगळेच.

खरा उपाय खुराड्यातच आहे. बारीक भोकांची तारेची जाळी लावावी, ती वीतभर जमिनीत पुरावी, वरून छप्पर पक्के करावे, दिवेलागणीला कोंबड्या मोजून कडी घालावी. मोठा, गोल, बिननखांचा ठसा दिसला तर मात्र शहाणपण करू नये. उसात बिबट्या राहतो, हे जुन्नरकडच्या बांधवांना विचारा. अशा वेळी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पोराबाळांना अंधारात बाहेर सोडू नये.

कारखान्याच्या काट्यावर वजन पाहिल्याशिवाय आपण पावती घेत नाही. मग खुराड्यातल्या चोराचा निकाल न पाहता का लावावा? सभासदांनी विचार करावा, ही विनंती.