चेन बिघडली, जाकीट नव्हे

पौषातली थंडी लष्करच्या गल्ल्यांत उतरली आणि ग्वाल्हेरात घरोघर ट्रंका उघडल्या. आमच्या ट्रंकेतून वडिलांचे लोकरी जाकीट निघाले. पहाटे रियाजाला बसताना ते हेच घालीत. दरबारची गाण्याची चाकरी संपली, जाकिटाची मात्र अजून चालू आहे. यंदा चेन ओढली तो रनर गळ्यापर्यंत चढला खरा, पण त्याच्यामागे चेन उघडीच राहिली. बाजारात विचारले, तर नवे घ्या असा सल्ला मिळाला. घरातल्या मुलांचेही तेच मत पडले. आम्हांस ते मान्य नाही.

चेन ही वस्तू फार जुनी नव्हे. अमेरिकेत जडसन यांनी 1893 साली तिच्या पहिल्या रूपाचे पेटंट घेतले. आज आपण वापरतो तशी दातांची चेन सुंडबॅक यांनी सिद्ध केली व तिचे पेटंट 1917 साली मिळाले. तिची रचना साधी आहे. प्रत्येक दाताचा उंचवटा समोरच्या दाताच्या खोलगटात बसतो. रनरला वरच्या बाजूस दोन वाटा व खाली एक. दोन वाटांनी आलेले दात तो एकत्र दाबून खालच्या वाटेने बाहेर सोडतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने रनरच्या दोन पट्ट्या किंचित फाकतात, दाब कमी होतो आणि दात जुळत नाहीत. म्हणजे बहुधा दोष रनरचा असतो, आणि शिक्षा होते जाकिटाला!

तंबोरा नीट बोलेना, की शिकाऊ विद्यार्थी तार बदलू पाहतो. जाणता माणूस आधी घोडीवर तारेखालचा दोरा हलवून पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. रनर अगदी खाली आणावा. त्याची खालची कड पक्कडीने आधी एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस हलकेच दाबावी व दर वेळी चेन ओढून पाहावी. जोर करू नये. ही धातू ठिसूळ असते, एकदा तुटली की गेली. चेन अडत असेल तर दातांवर मेणबत्ती किंवा पेन्सिलीचे शिसे घासावे. रनर अगदीच झिजला असेल, तर त्याच्या पाठीवरचा आकडा पाहून त्याच मापाचा व त्याच जातीचा नवा आणावा. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या चेनला चालत नाही. मधलाच दात तुटला असेल, तर मात्र शिंप्याकडे जाऊन चेन बदलावी. तरीही जाकीट राहतेच.

आमच्या जाकिटाला चार वेळा दाबावे लागले. शेवटच्या खेपेस पक्कड मुलीच्या हाती दिली. चेन गळ्यापर्यंत मिटली, तेव्हा दुसऱ्या दिवशी तेच जाकीट आपण घालणार, असे तिने परस्पर जाहीर केले.

आपल्या जुन्या घरांत रफू, कल्हई, उसवण घालणे ही कामे मुले पाहत पाहत शिकत. आज मुलांना वस्तू विकत घेणे तेवढे दिसते, दुरुस्त होताना ती दिसतच नाही. मग जुने ते टाकाऊ, असे त्यांना वाटल्यास दोष त्यांचा कसा? वाचकांना विनंती इतकीच, की यंदा बोहारणीपुढे जुन्या कपड्यांचा गठ्ठा ठेवण्यापूर्वी त्यातल्या चेना एकदा तपासाव्यात, आणि त्या वेळी घरातले एखादे मूल जवळ बसवावे.