‘पेटंट औषध’ : शब्द एक, अर्थ दोन

लोअर परळ येथील माझ्या चिकित्सालयात एक रुग्ण खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आले. “वैद्यराज, हे पेटंट आहे. म्हणजे सरकारने शोध म्हणून मान्य केलेलं ना?” विक्रेत्याने त्यांना तसेच सांगितले होते. दोष एकट्या विक्रेत्याचा नाही. हा शब्द आपणही तितक्याच सैलपणे वापरतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आपल्या औषधांचे दोन वर्ग करतो. प्रथम अनुसूचीतील ग्रंथांच्या पाठाप्रमाणे सिद्ध होते ते शास्त्रोक्त औषध. उदाहरणार्थ, सितोपलादी चूर्ण. त्या ग्रंथांतील पाठांत आलेलीच द्रव्ये घेऊन उत्पादकाने स्वतः योजिलेला कल्प म्हणजे ‘पेटंट किंवा प्रोप्रायटरी’ औषध. त्याच्या परवान्यासाठी २०१० च्या नियम १५८-ब नुसार परिणामकारकतेचा पुरावा मागितला जातो, हे खरे. परंतु मिळतो तो उत्पादन-परवाना, पेटंट नव्हे. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधांना कलम ३३-ईईसीमध्ये सूट आहे. तीही पेटंट ठरत नाहीत.

खरे पेटंट १९७० च्या पेटंट अधिनियमाखाली मिळते. नवा शोध संपूर्ण उघड करावयाचा आणि मोबदल्यात अर्जाच्या दिनांकापासून वीस वर्षे एकाधिकार भोगावयाचा, असा हा व्यवहार आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही ‘उघडा’ असाच आहे. आपण मात्र गुप्त पाठाला ‘पेटंट’ म्हणतो! शिवाय त्याच अधिनियमाचे कलम ३ पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारते. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते जुन्या लिखित पुराव्यांच्या बळावर. त्या लढ्याच्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते गिरगावात वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर.

हा शब्द कायद्यातच आहे, व्यापारात रूढ आहे, मग हरकत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु कायद्याची व्याख्या रुग्ण वाचत नाही. तो आपल्या शब्दावर विसंबतो. ‘पेटंट’ ऐकून तो अधिक पैसे मोजतो आणि कित्येकदा त्याच गुणाचे शास्त्रोक्त औषध नाकारतो.

यास्तव वैद्यबंधुभगिनींना व औषधविक्रेत्यांना माझी विनंती आहे : बोलताना ‘शास्त्रोक्त’ आणि ‘प्रोप्रायटरी’ हे दोनच शब्द वापरावेत. रुग्णाने विचारल्यास वेष्टनावरील घटकद्रव्यांची यादी त्याच्यासमोर वाचावी. ज्या औषधाला पेटंट नाही, त्याला पेटंट न म्हणणे एवढा प्रामाणिकपणा आपल्या हाती निश्चित आहे.