काट्याची पावती वाचतो, मग गावचा हिशेब का नाही?



उसाची गाडी काट्यावरून उतरली की पावतीवरचं वजन वाचल्याशिवाय आपण ती खिशात घालीत नाही. मनात शंका आली तर तिथल्या तिथं विचारतो. मात्र गावच्या ग्रामपंचायतीत पैसा किती आला नि कुठं खर्ची पडला, हे विचारायचं म्हटलं की आपलं ठरलेलं उत्तर, "आपल्याला काय करायचंय?"

पूर्वी ही सबब खपून जायची. दप्तर कपाटात आणि कपाटाची किल्ली तालुक्याला! आता तसं राहिलेलं नाही. केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालं. त्यावर जिल्हा, तालुका नि ग्रामपंचायत निवडली की गावचा विकास आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च पाहता येतो. नांदेडचं गाव असो की लातूरचं, त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको.

आमच्या पारावर एका कॉलेजच्या पोरानं हा आराखडा मोठ्यानं वाचून दाखवला. एका नालीचं नाव निघालं तसे म्हातारे विचारू लागले, "ही नाली कुठं हाय बाबा?" सगळे हसले. पण ज्या ग्रामसभेत हे काम मांडलं गेलं, तिला आमच्यापैकी एकही जण गेला नव्हता. मीसुद्धा नाही. मग दोष कुणाला द्यायचा?

साखर कारखानदारीला संगणक नवा नाही. वारणा परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ साली संगणकाची योजना आली. शेतकऱ्यांनी तिचा मुख्य उपयोग केला तो आपल्या उसाची माहिती पाहायला. जिथं आपलं काही अडकलेलं असतं, तिथं माणूस बरोबर लक्ष घालतो. गावचा पैसा आपलाच आहे, एवढं मनाला पटलं की पुढचं अवघड नाही.

तरीपण मोबाईल नुसता हिशेब दाखवतो, जाब विचारीत नाही. जाब विचारायची जागा ग्रामसभा. तिच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं. मग चार माणसांत ठराव मंजूर! आपण घरी बसलो, ही त्या ठरावाला आपली संमतीच झाली.

१९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आपल्या आज्या-पणज्यांना राज्याचा हिशेब मागायचा हक्क नव्हता. आपल्याला तो आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेआधी घरातल्या लेकी-सुनांना, पोरांना जवळ बसवा आणि गावची कामं वाचून घ्या. जे काम झालंय म्हणतात, ते जागेवर जाऊन पाहा. मग सभेत उभं राहून, आवाज न चढवता, एकच प्रश्न विचारा. एक प्रश्न पुरे.